पट बेचाळीस

पहाटे विट्याहून निघालो तेव्हा बेचाळीस.
कराडला दोघं ओकले, तरी बेचाळीस.
प्रासंगिक करारावरची एसटी,
मागच्या बाकावर भेंड्या,
आणि दर चार ओळींनी कुणीतरी परत ‘म’च देतंय.

आधी मेणवली.
घाटावर पाणी कमी, शेवाळ फार.
घंटेखाली उभा राहून मी माहितीपत्रक वाचलं:
वसईच्या लढाईनंतर आणलेली, पंचधातूची, साल अमुक.
पोरं माझ्याकडं नाही, घंटेकडं बघत होती.
‘सर, ही कडेवर पोर घेतलेली कुठली देवी?’
मी पत्रक उलटंसुलटं केलं.
‘मरियम,’ मुमताज मुल्ला म्हणाली,
आणि चप्पल घालून मोकळी झाली.

मग लिंब.
शेतातनं वाट, उसाला तुरे आलेले,
आणि एकदम पायाखाली जमीन उघडते
तशी ती विहीर.
बारा मोटा चालायच्या एका वेळी,
शंभरावर फूट खोल, आत दालन, दालनात बैठक.
वाघांची शिल्पं, हत्तींची शिल्पं,
शिलालेखात बांधवणारीचं नाव, शके, तिथी.
‘लिहून घ्या,’ मी म्हणालो.
लिहून घेतलं.
तांबोळी सरांनी डबे उघडायला सांगितले
आणि मोजलं, तर एकेचाळीस.

पुन्हा मोजलं.
तांबोळी सरांनी मोजलं.
श्रावस्तीनं मुलींची रांग वेगळी मोजली.
एकेचाळीस.
अशा वेळी विहिरीच्या काठावरून
खाली बघायला किती धाडस लागतं,
ते पत्रकात नसतं.

पाणी हिरवं. हललेलं नाही.
मी पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही.
खाली, जिन्याच्या वळणावर, अंधारात
पट क्रमांक एकोणतीस,
तिमण्णा धोत्रे,
भिंतीला गाल लावून उभा.
हात उगारलेलाच होता मी.

‘सर, इथं दोघं होते.’
कोण दोघं?
‘घडणारे. ह्याचे घाव बघा, असे उतरतात.
आणि हिथनं पुढं, उलटे.
हा डावरा होता.’
त्यानं माझं बोट धरलं आणि दगडावरून फिरवलं.
खरंच, एका जागी खरबरीतपणा
कूस बदलत होता.
‘माझा आज्जा म्हणतो, डावऱ्याला कोपरा द्यावा.
कोपऱ्यात त्याचाच हात पोचतो.’

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही –
परिपाठाला हे शंभरदा सांगितलंय मी.
टाकी हातात धरली नव्हती कधी.
सोसणारा दगड माहीत होता,
घालणारा कुठल्या हातानं घालतो
हा प्रश्नच पडला नव्हता.

उगारलेला हात मग
उगाच चष्मा पुसायला गेला.

वर आल्यावर तांबोळी सरांनी त्याला अंगठे धरायला लावले.
मी सोडवलं, पण काय कारण सांगावं सुचेना.
त्याच्या डब्यात भाकरी आणि खर्डा.
डाव्या हातानं खात होता.
जूनमध्ये मीच म्हटलं होतं,
अरे, वर्गात तरी उजवा वापर.

माहुलीला पोचेपर्यंत उन्हं उतरली.
संगमावर कुणी कुणाचं ऐकत नव्हतं,
नद्याच तेवढ्या मुकाट एकमेकींत गेल्या.
मी पत्रक खिशातनं काढलं नाही.
पोरंच दगडांवर बोटं फिरवत हिंडली,
‘हा डावरा! हा बी डावरा!’
निम्म्याहून जास्त चूक असणार.
असू दे.

बसमध्ये बेचाळीस. दोनदा.

सोमवारी निबंध गोळा केले: आमची सहल.
एकामागून एक, अविस्मरणीय.
एका कागदावर नावच नाही.
चार ओळी, त्यातली एक खोडलेली,
आणि लिहिता लिहिता तळव्यानं
पुसत गेलेली शाई, डावीकडून उजवीकडं.

मी वरती नाव लिहिलं.
कुणाला विचारावं लागलं नाही.